डिसेंबरचा ट्रेक आणि वाड्यावरची मदत: यादी, वजन, वेळ यावर बोला (सातारा)

घाटमाथा | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आमच्या मंडळाचा डिसेंबरातला बेत मांडतोय. चुका काढाव्यात म्हणूनच मांडतोय, तेव्हा हात राखून लिहू नका.

शनिवारी पहाटे पाचला साताऱ्याहून निघून कासमार्गे बामणोली. तिथून लाँचनं कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, पलीकडच्या काठावरून अडीच तासांची चढण, वर चौदा घरांचा धनगरवाडा. मुक्काम वाड्यातल्या शाळेच्या खोलीत. रविवारी उतरून परत, आणि दुपारी कण्हेर जलाशयाच्या बाजूची तेवीस घरांची कातकरी वस्ती. एकूण २२ जण, त्यातले नऊ पहिल्यांदाच चालणारे.

वाड्यासाठी घरटी दोन ब्लँकेटं म्हणजे २८, आणि घरटी एक शिध्याचा संच: तांदूळ ५ किलो, डाळ २, साखर २, मीठ १, तेल १ लिटर. वस्तीपर्यंत गाडी जाते, तिथं शाळेचे ६० संच, जुन्या कपड्यांची सहा पोती आणि औषधांचा एक खोका. ‘आदिवासी बांधवांसाठी मदतमोहीम’ असा बॅनर छापायला टाकलाय.

जांभाकातळ | रविवार, रात्री १०:१५

आधी वजन मांडू, बाकीचं मग.

२२ पैकी पुढचा, मधला आणि शेवटचा अशा तिघांच्या पाठीवर दोर, प्रथमोपचार आणि जादा पाणी. त्यांना सोडा. उरले १९. मुक्कामी ट्रेकला माणसाचं स्वतःचं ओझं असं असतं: पाणी ३ लिटर म्हणजे ३ किलो, झोपायची पिशवी आणि मॅट २, कपडे-डबा-बॅटरी अडीच, रिकामी सॅक दीड. नऊ किलो झाले. नवख्याच्या पाठीवर १५ च्या वर चढवू नये. म्हणजे माणशी ६ किलो मोकळे, एकूण ११४ किलो.

तुमचा शिधा १४ गुणिले ११, म्हणजे १५४. ब्लँकेट दोन किलोचं धरलं तर २८ ची ५६. झाले २१०. दुपटीच्या जवळ.

चढताना हे कळत नाही, दम लागला की लोक थांबतात. खरी गंमत उतारावर. डिसेंबरात गवत वाळून पायवाटेवर आडवं पडलेलं असतं, त्याखाली सुटा मुरूम. पाय आधी गवतावरून घसरतो, मग मुरमावरून, आणि पाठीवर वीस किलो असले की तोल सावरायला जागाच राहत नाही. घोटा जातो. आणि नऊ नवख्यांत एकाचा घोटा गेला की त्याला खाली आणायला आठ जण लागतात. म्हणजे मदत द्यायला गेलेली मंडळी वाड्यावरच्या माणसांचे खांदे मागणार.

रानजाई | रविवार, रात्री १०:३२

तांदूळ कशाला पण? अंत्योदय कार्ड असेल तर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. अडचण तांदूळ नसण्याची नाही, रेशन दुकान खाली गावात असण्याची आहे. तुम्ही ५ किलो वर नेऊन दिलेत तर एका खेपेचा सातवा हिस्सा वाचला. कार्ड नसेल तर कार्डाचं बघा. ते काम ट्रेकच्या दिवशी होत नाही, मंगळवारी तहसीलला होतं.

वारणाकाठ | सोमवार, सकाळी ६:५०

शिराळ्याकडून राम राम. बॅनर छापायच्या आत थांबवा.

धनगरवाड्यावरचे लोक गवळी धनगर. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गात येतात, अनुसूचित जमातीत नाही. कातकरी अनुसूचित जमातीतले, आणि त्यातही केंद्रानं अतिअसुरक्षित ठरवलेल्या राज्यातल्या तीन जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. हा नुसता शब्दांचा वाद नाही. जातीच्या दाखल्याला पुरावा कुठल्या तारखेच्या आधीचा लागतो, तेच बदलतं. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. वनहक्क कायद्यातही तसंच. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. धनगर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून अर्ज करतो, त्याला त्या तारखेमागे तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. एका बॅनरखाली दोघांना उभं केलंत तर दोघंही तोंडावर बोलणार नाहीत, पण मनात हसतील.

कण्हेरकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

आणि डिसेंबरात कातकरी वस्तीत भेटणार कोण?

दिवाळी झाली की जोडपी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामाला जातात, मुलांना घेऊन. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे ‘यंदा नको जाऊ’ म्हणायची सोय नसते. परतात ते पाऊस तोंडावर आला की. डिसेंबरच्या रविवारी तुम्हाला दाराला गुंडाळलेली तार दिसेल, चार म्हातारी माणसं आणि तळ्यावर जाळं टाकायला मागं राहिलेला एखादा गडी. ६० वह्यांचे संच त्या म्हाताऱ्यांच्या अंगावर टाकून येणार का?

वह्या जूनला. शाळा उघडते तेव्हा पोरं वस्तीत असतात. आत्ता, दिवाळीच्या आत, जायचं तर कागदांसाठी जा. एका जुन्या वहीत घरवार पाच रकाने आखा: माणसांची नावं, आधार आहे का, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं, बँकेचं खातं चालू आहे का, जातीचा दाखला आहे का. तेवीस घरांना दोन माणसं आणि एक पूर्ण दिवस. नाव मात्र ज्याचं त्याच्या तोंडून ऐकून, आहे त्या कागदावरच्या अक्षराशी ताडून लिहा. आधारवर ‘बाळू’, रेशनवर ‘बाळा’, शाळेच्या दाखल्यावर ‘बाळकृष्ण’ असली की अर्ज तिथंच अडतो. निम्मी कामं याच एका वेलांटी-कान्यानं रखडतात.

दाखल्याचं मोठं दुखणं असं की १९५० च्या आधी शाळेत गेलेला आजोबा आणायचा कुठून? मग महसुली नोंदी, जन्ममृत्यूची कोतवाल नोंदवही, नात्यातल्या कुणाला आधी मिळालेला दाखला आणि स्थानिक चौकशी, यावर प्रकरण उभं करावं लागतं. ते प्रांत कार्यालयात जातं. तिथं माणसाला तीनदा बोलावतात, आणि प्रत्येक वेळी त्याचा दिवसाचा रोज बुडतो. मंडळाला पैसे खर्चायचेच असतील तर त्या बुडालेल्या रोजावर आणि एसटीच्या भाड्यावर खर्चा. ब्लँकेटापेक्षा स्वस्त पडेल.

१५ नोव्हेंबर २०२३ पासून पीएम जनमन योजना कातकऱ्यांना लागू आहे. घराला २ लाख, शिवाय रस्ता, पाणी, फिरतं आरोग्य पथक. पण यादीत नाव यायला तेच कागद लागतात.

दगडफूल | सोमवार, सकाळी ९:१२

कण्हेरकाठांशी सहमत. पण मग ट्रेकचं काय? मंडळाला पोरं मिळतात ती ट्रेकच्या नावानं. तहसीलच्या रांगेत उभं राहायला कोण येणार?

कण्हेरकाठ | सोमवार, सकाळी ९:२०

दोन येतात. दोन पुरतात.

गाठीचादोर | सोमवार, दुपारी १:३०

गिर्यारोहकाला येतं आणि वाड्याला लागतं असं एक काम आहे: आजारी माणूस खाली आणणं. आजही ते झोळीतून होतं. चादरीची झोळी एका बांबूला अडकवली की माणूस केळ्यासारखा वाकतो. पोटात दुखणाऱ्या किंवा अडलेल्या बाईला ते असह्य होतं, आणि कंबर-मणक्याला मार असेल तर घातक. एकच बांबू म्हणजे दोनच खांदेकरी. ते दमले की खाली ठेवा, परत उचला.

दोन बांबूंचं स्ट्रेचर वाड्यावर ठेवून या. बांबू साताऱ्याच्या बाजारातून न्यायचे, आठ फुटी, मनगटाएवढे जाड, भरीव बघून. अभयारण्यातला तोडायचा नाही. दोन जाड घोंगड्या किंवा ताडपत्रीचा सहा बाय सात फुटांचा तुकडा जमिनीवर पसरा. पहिला बांबू एका कडेपासून तिसऱ्या भागावर ठेवून ती कड त्यावरून आत दुमडा. दुसरा बांबू दुमडलेल्या कडेच्या थोडा आत ठेवा, दोन बांबूंत खांद्याएवढं, दीड-पावणेदोन फूट, अंतर धरा. मग उरलेली बाजू दुसऱ्या बांबूवरून उलट दुमडा. शिवण नाही, गाठ नाही. माणसाच्या वजनानंच कापड आवळतं. मात्र कड बांबूच्या पलीकडे वीतभर तरी जायला हवी, नाहीतर चालताना सरकत सरकत सुटते. हीच चूक सगळ्यात जास्त होते. आधी एखाद्या तगड्या माणसाला झोपवून फूटभर उचलून बघा, मग रुग्णाला ठेवा. दोन्ही टोकांना बांबूंमध्ये दोन फुटी आडवी काठी बांधली तर बांबू आत ओढले जात नाहीत.

सहा जण उचलतात, आणखी सहा रिकामे चालतात, दर दहा मिनिटांनी बदल. उतारावर पाय पुढं, चढावर डोकं पुढं. हे बोलून कळत नाही. वाड्यावरच्या पोरांबरोबर दोनशे पावलं खरंच चालून बघा. ती डोंगरात तुमच्यापेक्षा चपळ आहेत, पावलं जुळवायला तुम्हालाच वेळ लागेल.

सर्पदंशासाठीही हेच. आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. चावलेला अवयव फळीला सैलसर बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. पाणलोटाच्या बाजूला फोनला रेंज नसते. वाड्याच्या आसपास कुठल्या टेपाडावर, कुठल्या कंपनीची रेंज येते ते शोधून शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवा, १०८ च्या शेजारी.

माणदेशी_लोकर | सोमवार, दुपारी ३:४५

ब्लँकेटावर एक वाक्य. बाजारातली दोनेकशे रुपयांची मऊ ब्लँकेटं कृत्रिम धाग्याची असतात. वाड्यावर माणसं चुलीजवळ झोपतात, ठिणगी पडली की तो धागा नुसता जळत नाही, वितळतो आणि अंगाला चिकटतो. न्यायचीच असेल तर लोकरीची घोंगडी न्या, ओली झाली तरी ऊब देते. गवळी धनगरांकडे म्हशी-गाई असतात, मेंढरं नसतात, त्यामुळे घोंगडी त्यांनाही विकतच घ्यावी लागते. आमच्या माणातून घ्या, दोन्ही टोकांना पैसा पोचेल. महाग पडेल. मग २८ ऐवजी १४ द्या.

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:०५

बॅनर रद्द केला. जुन्या कपड्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणजे ते चालतील ना?

रानजाई | सोमवार, रात्री ९:११

कुणी बोललं नाही कारण सगळ्यांना उत्तर माहीत आहे. घट्ट जीन्स, शेरवानी, एका पायाचा मोजा. सहा पोत्यांतून अंगावर घालण्याजोगं एक पोतं निघतं, बाकी पाच वस्तीमागच्या ओढ्यात. पोती साताऱ्यातच रिकामी करा आणि निवडा.

पायताणं द्या, पण मापानं. पोराला वहीच्या कागदावर उभं करून पेन्सिलनं पाय आखून घ्या, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजा, त्यात दीड सेंटिमीटर मिळवा, कागदावर नाव घाला. पेन्सिल उभी धरा. तिरकी धरली की माप चुकतं. अंदाजे आणलेली चप्पल मोठी झाली तर आई उंबऱ्याआड ठेवते, लहान झाली तर कुणालाच येत नाही.

औषधांच्या खोक्याचंही तेच. घराघरांतून गोळा केलेल्या अर्ध्या पट्ट्या, त्यावर मुदतीचा आकडा असलेला तुकडा कापलेला. देऊ नका. फक्त ओआरएसची पाकिटं द्या आणि एक पाकीट एक लिटर पाण्यात हे दाखवून द्या. पेल्यात अर्धं पाकीट टाकायची सवय असते. क्षार जास्त झाले की जुलाब वाढतात. लिटरची खूण केलेली बाटली सोबत ठेवा.

पाणवठा | मंगळवार, सकाळी ७:३०

वाड्यावर पाणी कुठून येतं ते कुणी विचारलं का? बहुतेक ठिकाणी झरा वर असतो, बाया हंड्यानं आणतात. ‘पाइप टाकून देऊ’ हे मंडळांचं आवडतं वाक्य, आणि दोन वर्षांनी पाइप सुकलेल्या वेलीसारखा लोंबत असतो. कारणं ठरलेली आहेत.

झरा ऑक्टोबरात मोजतात. तेव्हा २० लिटरची बादली १०० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर, दिवसाला १७,२८०. लोक खूश. तोच झरा मे महिन्यात चौथाईवर आला तर दिवसाचे ४,३२०. माणसं ८० धरली तर माणशी ५५ लिटरनं ४,४०० लागतात, आणि म्हशी अजून मोजल्याच नाहीत. मोजायचं ते मे महिन्यात, आणि रात्रीचं पाणी साठवायला टाकी हवीच.

दुसरं, दाब. झरा नळापेक्षा ४५ मीटर उंच असेल तर नळ बंद केल्यावर पाइपात दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलो दाब येतो. दर दहा मीटरला एक किलो हा हिशेब. चार किलो दाबाचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप स्वस्त म्हणून घेतात, तो पहिल्याच रात्री सगळे नळ बंद झाल्यावर सांध्यात फाटतो. सहा किलोचा घ्या, नाहीतर मध्यावर उघडं पिंप ठेवून दाब मोडा. तिसरं, हवा. वाटेत पाइप उंचवट्यावरून गेला की माथ्यावर हवा अडते, झऱ्याला पाणी आहे आणि नळाला नाही. माथ्यावर एक छोटी तोटी बसवली की झालं. चौथं, वणवा. फेब्रुवारीनंतर गवत पेटतं आणि उघड्यावरचा पाइप मेणासारखा खाली येतो. दीड फूट गाडायला हवा. गाडायचं म्हणजे वनखात्याच्या जमिनीत खोदायचं.

त्याला वाट आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाइपलाइन येते. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ च्या वर झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करून उपयोग नाही, ठराव ग्रामसभेचाच लागतो.

३२ मिलिमीटरच्या १०० मीटर भेंडोळ्याचं वजन साधारण वीस-पंचवीस किलो. काठीला अडकवून दोघांनी न्यायचं, गळ्यात घालून नव्हे.

टाकी झाली तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं माप शिकवून या: १,००० लिटरला ५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, एक तास थांबायचं. मग ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या चाचणीला, पिवळा रंग आला पाहिजे. पुडा उघडा राहिला की क्लोरीन उडतो आणि ग्रामपंचायतीला वाटतं आपण शुद्धीकरण करतोय.

वारणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:००

म्हशी मोजल्या नाहीत म्हणालात, तिथंच येतो. गवळी धनगराच्या घरी पैसा दुधा-तुपातून. पावसाच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांची लस पडली नाही आणि एक दुभती म्हैस गेली, तर तुमची दहा वर्षांची ब्लँकेटं त्यात बुडाली. लस सरकारी दवाखान्यात असते. अडतं ते वर नेण्यात. डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षक येतात, पण बर्फाचा खोका, सिरिंजा, टॅगचं सामान आणि अडीच तासांची चढण हे एका माणसाचं काम नाही. इथं तुमच्या पाठी कामाला येतात. ११४ किलो कशाला, १५ किलो आणि चार माणसं.

लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उन्हानं बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, गोठूनही वाया जाते हे नसतं. या लसी गोठल्या की त्यातलं औषध तळाला गुठळ्या धरतं, परत हलवून एकजीव होत नाही. फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा बर्फाचा पॅक थेट बाटलीला टेकवला की हेच होतं. पॅक बाहेर काढून ठेवायचे आणि मधूनमधून कानाशी नेऊन हलवायचे. आत पाणी खळखळलं की मग खोक्यात. बाटल्या आणि पॅक यांच्यात पुठ्ठा.

गुरं सकाळी चरायला सुटतात. म्हणून आदल्या रात्री मुक्काम आणि उजाडायच्या आत लसीकरण. दहाला पोचलात तर गोठे रिकामे.

जांभाकातळ | मंगळवार, सकाळी ९:४०

मुक्कामावरून आठवलं. वाडा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात आहे की बाहेर, ते वनरक्षकाला विचारलंत का? वासोट्याला जसं त्याच दिवशी परत यावं लागतं, तसाच नियम तिथं लागू असेल तर शाळेची खोली विसरा. अर्ज आधी द्या, सोबत २२ नावांची यादी आणि लाँचच्या वेळा. सरपंच आणि पोलीस पाटलालाही कळवा. आणि पोरांना वाटायला बिस्किटांचे पुडे नकोत. वेष्टणं रानात राहतात, आणि पुढच्या गटाला बघून पोरं हात पसरत धावतात. ती सवय आपणच लावतो.

गाठीचादोर | मंगळवार, दुपारी २:१०

मे महिन्यात जाणारच असाल तर ताडपत्री न्या. पाऊस झोडपतो त्या बाजूची भिंत झाकायला १८ बाय १२ फुटी लागते. २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम) चार किलोची भरते, २५० ची पाच. ९० ची पातळ काळी घेऊ नका, जुलैच्या वाऱ्यात चिंध्या होतात. फाटते ती कायम कडेच्या पितळी कडीपाशी, कारण सगळा ओढा त्या एका भोकावर येतो. कडीला दोरी बांधूच नका. कडेपासून वीतभर आत, खालच्या बाजूनं लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवा, वरून ताडपत्रीसकट मुठीत धरा आणि त्याच्या मानेला दोरी आवळा. ओढा गोट्याभोवती पसरतो. दोरी नायलॉनची. सुतळी श्रावणापर्यंत कुजते.

घाटमाथा | मंगळवार, रात्री ९:५०

बेत मोडून परत लिहिला.

या रविवारी दोघं जण वही घेऊन कातकरी वस्तीत, कण्हेरकाठांच्या पाच रकान्यांसह. जाळं हवंय का तेही विचारतील, आणि हवं असेल तर केवढ्या डोळ्याचं ते त्यांच्याकडूनच. डिसेंबरात फक्त दहा जण वाड्यावर, वनखात्याचं उत्तर आल्यावरच: १४ घोंगड्या, दोन स्ट्रेचर, पायांची मापं, रेंजचं टेपाड. शिधा नाही. मे अखेरीस १४ ताडपत्र्या म्हणजे ५६ किलो, झऱ्याचं मोजमाप आणि लसीचा खोका. नवखे नऊ जण डिसेंबरात अजिंक्यतारा आणि सज्जनगड करतील, रुसले तर रुसले. ट्रेकची वर्गणी आणि देणगीचे पैसे वेगळ्या खात्यांत, हे खजिनदारांनी स्वतःहून मान्य केलं.

एक शंका. मेच्या उन्हात साताऱ्यापासून वाड्यापर्यंत साडेपाच-सहा तास जातील. पॅक टिकतील का?

वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

झाकण उघडलं नाही तर टिकतील. उघडतं ते ‘बर्फ आहे का बघू’ म्हणून, आणि दर वेळी थंडावा जातो. झाकणाला चिकटपट्टी मारा आणि त्यावर डॉक्टरांची सही घ्या. थर्मामीटर आत ठेवायचा तो तार बाहेर येणारा, म्हणजे न उघडता आकडा दिसेल. लाँचमध्ये खोका इंजिनाच्या बाजूला नको, टपावर तर नकोच. मधल्या फळीखाली सावलीत, वर ओलं गोणपाट. आणि चढताना तो मधल्या माणसाकडे द्या. पुढचा वेगात जातो, आणि शेवटच्याला कायम कुणाची तरी सॅक घ्यावी लागते.